वाढलेलं दुकान

"वाढली," मोठ्याबाई म्हणायच्या आणि फुटलेल्या बांगडीचे तुकडे पदराच्या टोकाने हळूच गोळा करायच्या. "घे, दुसरी भरते. हात सैल सोड वं. इतका आखडते कायले? नवऱ्याचं नाव थोडी इचारून राह्यली मी तुले?"

मग गिऱ्हाईक हसायचं, हात आपोआप सैल पडायचा आणि दुसरी बांगडी अलगद मनगटात जायची.

आपल्याकडे ही बोलायची रीत तशी सगळीकडेच आहे. दुकान आपण बंद करत नाही, वाढवतो. बांगडी फुटत नाही, वाढते. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. पण बाकीच्या बाया आठवेल तेव्हा पाळतात, विसरतील तेव्हा सोडून देतात. मोठ्याबाईंनी त्याचा कायदा केला होता. घरातलं मीठ संपलं की मीठ वाढलं. वीज गेली की "लाइन आराम करून राह्यली". शेजारच्या भांडीवाल्याचे म्हातारे वडील वारले तेव्हा मी माहेरी होते. परत आले तर मोठ्याबाई म्हणाल्या, "बुढा मोठ्या घरी गेला." मला वाटलं, थोरल्या मुलाकडे राहायला गेला. मी भांडीवाल्याला विचारलं, "करमते का बाबाले तिकडं?" त्याने माझ्याकडे कसं पाहिलं ते सांगण्यासारखं नाही.

तुम्ही कधी अमरावतीला आलात आणि कुणी तुम्हाला आमच्या चुडी गल्लीत आणलं, तर तुम्हाला सरळ रुंद रस्ता दिसेल, दोन्ही बाजूंनी लोखंडी शटरं आणि प्रत्येक दुकानापुढे पाण्याचा निळा ड्रम. तुम्ही म्हणाल, ही कसली जुनी गल्ली? बरोबर आहे. जुनी गल्ली जळली. ही आम्ही नंतर बांधली. आणि ती बांधता आली ती मोठ्याबाईंमुळे, हे गल्लीतलं शेंबडं पोरही तुम्हाला सांगेल, पण नीट सांगणार नाही. म्हणून मी सांगते.

मी कोण, तर मोठ्याबाईंच्या समोरची मॅचिंग सेंटरवाली. ब्लाउजपीस, फॉल, अस्तर, दोरे. माहेर दर्यापूरचं. आम्ही बौद्ध, वडील शाळामास्तर आणि स्वभावाने कडक. शुभ-अशुभ, नजर लागणं, मांजर आडवं जाणं असलं काही घरात कुणी बोललं तर जेवता जेवता उठून व्याख्यान द्यायचे. भाजी गार व्हायची, पण व्याख्यान पूर्ण व्हायचं. त्यामुळे मोठ्याबाईंचं हे वाढणं-वाढवणं मला सुरुवातीला चावायचं.

"मोठ्याबाई, काच हाय. फुटली. फुटली म्हनल्यानं आनखी फुटते का?"

"तू म्हन नं. तुले कोनं मना केलं? तू कपडा इकतं." मोठ्याबाई माझ्याकडे न बघता बोलायच्या, नजर गिऱ्हाइकाच्या हातावर. "मी चुडी भरतो, बाई. चुडीवालीचं तोंड अन् चुडी, दोन्ही जपा लागते. आमच्या तोंडचं बायकायच्या हाताले लागते."

हे त्यांना त्यांच्या सासूने सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूने. त्या दुकानाची गादी बापाकडून मुलाकडे जायची नाही, सासूकडून सुनेकडे जायची. यजमान होते, पण ते माल आणायचे, खोके उघडायचे, आणि कानाने अधू असल्यामुळे सुखी होते. बांगडी भरायचं काम बाईचं. नवरीच्या हातात चुडा भरून झाला की नवरी वाकून चुडी भरणारीच्या पाया पडते. मग ती पोटची पोर असो की कलेक्टरची. त्या नमस्काराच्या वेळी मोठ्याबाई एरवीच्या राहायच्या नाहीत. नेहमीची बडबड थांबायची, डोळे मिटायच्या, दोन्ही हात पोरीच्या डोक्यावर ठेवायच्या. तिवसा, चांदूर बाजार, दर्यापूर, कुठून कुठून बाया लग्नाचा चुडा भरायला यायच्या. आईला मोठ्याबाईंनी भरला म्हणून मुलीलाही त्यांनीच भरायचा, असा हट्ट. मी मानत नव्हते, तरी तो नमस्कार बघायला कापड मोजायचं थांबवायचे. खोटं कशाला बोलू?

आता आग.

भर उन्हाळा, लग्नसराई, दुपारची सामसूम. मी गल्ल्याशी डुलकी काढत होते. मोठ्याबाई माझ्या पायरीशी आल्या. पदर डोक्यावर, चेहरा पांढराफटक.

"बाई, उठ वं. बाहेर ये. तिकडं लय उजेड पडून राह्यला."

"उन्हायात उजेड नाई पडनार तं काय पडन?" मी डोळे न उघडताच म्हटलं.

"तसा नाई वं! लाल उजेड!"

त्या दारोदार हेच सांगत पळत होत्या. उजेड पडला, उजेड पडला. बांगडीच्या दुकानातला माणूस दुपारी उजेडाला कशाला उठेल? शेवटी समोरच्या मणियार चाचांनी धूर पाहिला आणि अशी बोंब ठोकली की आख्खा परकोट, तटाच्या आतलं सगळं जुनं गाव, जागा झाला. "अरे आग! आग लगी है रे, भागो!" पुढे कित्येक वर्षं चाचा त्यांना चिडवायचे, "मोठ्याबाई, उस दिन आपके भरोसे रहते, तो सब के सब मोठ्या घरी जाते!" मोठ्याबाई पदराने तोंड झाकून हसायच्या.

पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. आमची गल्ली म्हणजे लाकडी फळ्यांची दुकानं, एकाला एक चिकटलेली. बांगड्यांच्या खोक्यांत गवत आणि कागद, माझ्याकडे नायलॉन, भांडीवाल्याच्या माळ्यावर पोती. तारेची ठिणगी होती की कुणाची शेगडी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. बंब आला, पण गल्ली इतकी अरुंद की तो तोंडाशीच अडकला. पाइप ओढत आणेपर्यंत जळायचं ते जळून गेलं. माणसं सगळी वाचली, एवढंच. मी रस्त्याच्या कडेला बसून रडत होते आणि माझ्या हातात कात्री होती. एवढ्या दुकानातून मी फक्त कात्री उचलून आणली होती.

दुसऱ्या दिवशी राखेत पाय ठेवला तर खाली काचेचे गोळे. हिरव्या, लाल, पिवळ्या बांगड्या वितळून एकमेकींत गेल्या होत्या. मोठ्याबाईंच्या दुकानाचा फक्त दगडी ओटा उरला होता, गल्लीच्या अगदी कोपऱ्यावरचा. त्या त्याच्यावर बसल्या होत्या. मी जवळ गेले.  त्यांनीच माझा हात धरला.

"वाढलं वं बाई," त्या म्हणाल्या. "आपल्या गल्लीचं सारं वाढलं."

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या शब्दाचा राग आला नाही.

आमच्या लोकांचं एक आहे. वऱ्हाडी माणूस बोलायला आडमुठा, पण बसून राहत नाही. चार दिवसांत पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर खाटा-बाजा पडल्या आणि बाजांवर दुकानं लागली. कुणी उधार माल दिला, कुणी घरातला दिला. भांडीवाल्याने अर्धीमुर्धी वाचलेली पातेली बाहेर काढली. त्यांत गल्लीचं एकत्र पिठलं शिजायचं आणि भाकरी घरोघरच्या. चाचांची बाज मोठ्याबाईंच्या बाजेला लागून. एकाचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पाठवायचे. "हमारे पास हिरवी नहीं है, वहाँ मिलेगी, और भरेगी भी अच्छी." एरवी हेच दोघं एका गिऱ्हाइकावरून आठवडा आठवडा अबोला धरायचे.

आणि बाजांवर बसल्या बसल्या ठरलं की गल्ली पुन्हा बांधायची तर अशी बांधायची की बंब आत आला पाहिजे. प्रत्येकाने आपलं दुकान मागे घ्यायचं. आता तुम्हाला माहीतच आहे, बाजारपेठेत माणूस एक वेळ मूत्रपिंड देईल, पण वीतभर जागा देणार नाही. तरी सगळ्यांनी मान डोलावली. घाबरलेला माणूस शहाणा होतो. तो शहाणपणा टिकतो तोवर काम उरकून घ्यावं, म्हणून मोजणीचे साहेब आले तेव्हा आम्हाला देव आल्यासारखं वाटलं.

साहेब तरुण, मुंबईकडचे. बोलायला गोड, मराठी स्वच्छ, पण इंग्रजी शाळेतून शिकून आलेली. बरोबर टेप धरणारा एक आणि रंगाचा डबा घेतलेला एक. ज्याची जागा खरी त्याच्या ओट्यावर पांढरा गोल. ज्याने मागाहून पुढे सरकून जागा दाबली त्याच्यावर लाल फुली. ती जागा रस्त्यात जाणार. गल्लीची नवी रेषा कोपऱ्यावरून सुरू होणार होती, म्हणजे मोठ्याबाईंच्या ओट्यापासून.

आम्ही सगळे आपापल्या राखेपाशी उभे होतो. कोपऱ्यावर काय बोलणं झालं ते मला नंतर टेप धरणाऱ्याने सांगितलं.

"इथे काय होतं, आजी?"

"दुकान होतं, साहेब. वाढलं."

"वाढलं? म्हणजे वाढवलं होतं का?"

"म्या कायले वाढवतो, बापा? आपोआप वाढलं."

"किती वाढलं?"

"सारंच वाढलं, साहेब."

"म्हणजे हे सगळंच नंतरचं? आधी इथे काही नव्हतं?"

मोठ्याबाईंनी राखेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पाहा नं साहेब, कुठं काय हाय?"

साहेबांनी मान हलवली. सरकारी भाषेत वाढीव बांधकाम म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हातारीने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, प्रामाणिक बाई आहे, असंच त्यांना वाटलं असणार. ओट्यावर लाल फुली पडली. मोठ्याबाईंना त्या रंगाचा अर्थ कळला नाही; उलट कुंकवाचा लाल रंग बघून त्यांना बरं वाटलं.

मी फुली पाहिली आणि कपाळाला हात लावला.

आम्ही दहा-पंधरा जण साहेबांच्या कचेरीत गेलो. पुढारपण माझ्याकडे, कारण मी भांडायला बरी. मी म्हटलं, "साहेब, वाढलं म्हणजे जळलं."

साहेब हसले. "ताई, वाढलं म्हणजे वाढलं. मला मराठी येतं."

"नाही येत," मी म्हणाले. चाचांनी मागून माझा पदर ओढला.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्याने आमचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुम्ही सगळे त्यांचे शेजारी. तुम्ही त्यांच्या बाजूनेच बोलणार. पण मी लिहिलंय ते त्यांच्या तोंडचं. त्यांनी एकदा समोर येऊन सांगावं की त्यांचं दुकान तिथेच होतं आणि ते जळलं. मी लगेच बदलतो. मात्र तोपर्यंत कोपरा पक्का नाही, आणि कोपरा पक्का झाल्याशिवाय मला गल्लीची रेषा ओढता येणार नाही."

एवढंच ना, आम्ही म्हटलं. हसत हसत परत आलो. एक शब्द तर बोलायचा.

मोठ्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नाई बोलाचं मले ते."

भांडीवाल्याला वाटलं म्हातारी लाजते. त्याने समजावलं. यजमानांना त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, तर त्यांनी बायकोकडे पाहून हात जोडले आणि आपल्याला काही ऐकू आलं नाही असं दाखवलं. मी तर सरळ भांडले.

"जागा जाईन तुमची, मोठ्याबाई! तुमच्या सासूची गादी हाय ते. एका शब्दापायी घालवता?"

"त्या शब्दानं गादीच जाते नं वं," त्या म्हणाल्या. "तुले समजून नाई राह्यलं. बसायची जागा राहीन, पन बसनारी? असा शब्द चारचौघांत, सरकारापुढं, आपल्या तोंडानं काहाडला, तं मंग मी कोन्या तोंडानं नवरीच्या हातात चुडा भरू? सासूनं मले गादीवर बसवलं तवा हेच एक वचन घेतलं. ज्या दिवशी तोंडातून वंगाळ निंगन, त्या दिवशी उठजो."

मग मला कळलं.  न बोलल्या तर जागा जाणार. बोलल्या तर हात जाणार. माझ्या वडिलांनी इथे चांगलं तासभर व्याख्यान दिलं असतं. मी दिलं नाही. कारण त्यांचं खोटं असेल, पण त्या ते खऱ्यासारख्या जगत होत्या, आणि अशा माणसाला तू चूक आहेस म्हणून सांगणं मला जमत नाही.

दिवस जायला लागले. बांबू आणून ठेवले होते, टिनाचे पत्रे आणून ठेवले होते, मिस्त्री रोज येऊन चहा पिऊन जात होता. लग्नसराई डोळ्यांदेखत संपत चालली. बाजेवर उन्हात बसून माल विकणं सोपं नाही. भांडीवाल्याची बायको चक्कर येऊन पडली. गल्लीत कुरकुर सुरू झाली. मोठ्याबाईंना तोंडावर कुणी बोललं नाही, चाचांनी बोलूच दिलं नाही. "जिस का ईमान उस के पास," ते म्हणायचे. पण कुजबुज कानावर पडतेच, आणि मोठ्याबाईंचे कान यजमानांसारखे अधू नव्हते.

एका संध्याकाळी तिवशाची एक पोरगी लग्नाचा चुडा भरायला आली. मोठ्याबाईंनी तिला बाजेवर बसवलं आणि इतका वेळ लावला की पोरीची आई एसटी चुकेल म्हणून उठबस करायला लागली. एकेक बांगडी उजेडात धरून बघत होत्या. पोरीच्या बोटांच्या मुळाशी दाबून हात मऊ करायच्या, थांबायच्या, पुन्हा दाबायच्या. पोरगी पाया पडली तेव्हा डोक्यावरचे हात लवकर निघेनात. मला वाटलं, थकल्या असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी साहेबांना निरोप पाठवला, या म्हणून.

साहेब यायच्या आधी त्यांनी सुनेला बाजेवर स्वतःच्या जागी बसवलं आणि आपले दोन्ही हात तिच्यापुढे केले. सून बिचारी भांबावली. "आई, काय करून राह्यल्या?" "भर," मोठ्याबाई म्हणाल्या. सुनेने बांगड्या भरल्या. मग मोठ्याबाई उठल्या आणि भर रस्त्यात वाकून सुनेच्या पाया पडल्या. सासू सुनेच्या! सून पाय मागे घेत रडायला लागली. बघणाऱ्या आम्हाला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. कुणाला काही समजायच्या आत त्या वळल्या आणि कोपऱ्याकडे चालू लागल्या. धुतलेलं हिरवं लुगडं, डोक्यावर पदर.

साहेब ओट्यापाशी उभे होते. गल्ली सगळी गोळा झालेली. मोठ्याबाईंनी ओट्यावर हात ठेवला.

"साहेब, माह्यं दुकान इथंच होतं. माह्या सासूचं, तिच्या सासूचं." मग त्या थांबल्या. पदर सारखा केला. "ते जयलं."

आता बघा दैवाचा खेळ. आमच्या बोलीत ळ चा य होतो. डोळ्याचा डोया, शाळेची शाया. जळलं ते जयलं. मुंबईच्या साहेबांना काय कळणार?

"काय? जय...?" साहेबांनी कान पुढे केला. "पुन्हा सांगा, आजी."

मोठ्याबाईंनी डोळे मिटले. त्यांचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. ज्या शब्दाला त्यांनी जन्मभर उंबऱ्यात येऊ दिलं नव्हतं तो त्यांना दुसऱ्यांदा बोलावा लागणार होता, आणि मला ते सहन झालं नाही.

"जळलं, साहेब!" मी ओरडले. "जळलं म्हणतायत त्या!"

"जल गया, साब, जल गया!" चाचा माझ्याहून मोठ्याने. मग भांडीवाला, मिस्त्री, बाया, सगळेच. "जयलं! जयलं!" आख्खी गल्ली तो शब्द ओरडत सुटली. साहेब दोन्ही हात वर करून हो, हो म्हणत होते. या कल्लोळात मोठ्याबाई कान झाकून उभ्या होत्या. आपण सगळ्यांनी ओरडलं म्हणजे त्यांचा शब्द आपल्या आवाजात बुडेल, असं मला त्या वेळी वाटलं होतं.

पण तो बुडला नाही. साहेबांनी स्वतः रॉकेलचा बोळा घेऊन फुली पुसली, पांढरा गोल काढला, कोपऱ्यावरून दोरी धरून रेषा ओढली. पावसाळ्यापूर्वी पत्रे चढले, दिवाळीपर्यंत विटांच्या भिंती आणि शटरं. सगळे कबूल केल्याप्रमाणे मागे सरकले. भांडीवाला चार बोटं कमी सरकला, ती आम्ही त्याला मापून दाखवली. कोपऱ्यावरचं दुकान सगळ्यांत आधी उभं राहिलं, कारण त्याला हात लावायला प्रत्येक जण आला होता.

मोठ्याबाई मात्र गादीवर बसल्या नाहीत. गादीवर सून; तो शब्द काढायच्या आधीच त्या सकाळी त्यांनी गादी तिला देऊन टाकली होती. त्या मागे, भिंतीला टेकून स्टुलावर. गिऱ्हाईक आलं की त्याचा हात हातात घ्यायच्या, दाबून मऊ करायच्या, कुठल्या बांगड्या शोभतील ते काढून द्यायच्या आणि मग तो हात सुनेच्या हाती सोपवायच्या. बोलणं पूर्वीसारखंच, थट्टा पूर्वीसारखीच. पण नवरी आली की त्या उठून आत जायच्या. तिवसा-चांदूरच्या बाया येऊन रडल्या. "आमची पोरगी तुमच्याच हातून भराले आणली वं मोठ्याबाई." त्या हात जोडायच्या. "सून माह्यापेक्षा बरी भरते." ते खोटं होतं. सून भरभर भरायची आणि तिच्या हातून बांगड्या पुष्कळ फुटायच्या.

गल्ली त्यांची ऋणी होती आणि त्यांना परत देण्यासारखं गल्लीकडे काही नव्हतं. रोज समोर बसून ते स्टूल बघणं मला जड जायचं.

मोठ्याबाई गेल्या त्याला आता दोन थंड्या झाल्या. झोपेत गेल्या, कुणाला त्रास दिला नाही. त्यांचं नाव निघालं की सगळे आगीचीच गोष्ट सांगतात. मला मात्र त्या जायच्या आधीच्या उन्हाळ्यातली एक दुपार आठवते.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं, अकोल्याला. आमच्या लग्नात हिरव्या चुड्यावाचून काही अडत नाही. पांढरं पातळ नेसून लग्न लागतं. पण पोरीला हौस. शिवाय ती मोठ्याबाईंच्या दुकानात खेळून मोठी झालेली. तिला घेऊन मी समोर गेले. मोठ्याबाई नेहमीप्रमाणे उठून आत जायला लागल्या.

पोरीने त्यांचा पदर धरला. "आजी, तुम्हीच भरा ना."

"सून भरीन, माय."

"नाही. तुम्हीच."

मी म्हटलं, "भरा न मोठ्याबाई. आमच्यात हे काई मानत नाई. तुमच्या शब्दाचं आमाले काई लागत नाई."

त्या हसल्या. "जे मानतच नाई, त्यानं भर म्हनलं काय अन् नको म्हनलं काय. तुह्यं काय जाते त्यात?"

मला त्याचा राग आला. बरोबर बोलल्या म्हणून जास्त आला. इतक्या वर्षांचं आत साठलेलं एकदम वर आलं. मी पोरीचा हात धरला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

"तुमी आमच्यासाठी बोलल्या होत्या. आमी पत्र्याखाली बसलो अन् तुमी स्टुलावर. त्या शब्दाचं जे काई लागाचं असन, ते लागू द्या माह्या पोरीले. मी तिची माय आहो, मी म्हनतो. भरा."

बोलून गेले आणि मी घाबरले. खरं सांगते. मी, मास्तरांची मुलगी, जन्मभर फुटलं-तुटलं बिनदिक्कत बोलणारी. पण आपल्या पोरीचं नाव घेऊन हे बोलले. शब्द परत घ्यावेसे वाटले. मी घेतले नाहीत.

मोठ्याबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. 

"भेव वाटलं तुले," त्या म्हणाल्या.

"वाटलं," मी म्हणाले.

"तरी भर म्हनतं?"

"हाव."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी सुनेला खूण केली, सून गादीवरून उठली. मोठ्याबाई सावकाश गादीवर बसल्या. पोरीचा हात घेतला, बोटांच्या मुळाशी दाबला. मग बांगड्या भरायला लागल्या. एक, मग दुसरी, मग तिसरी. एकही अडली नाही. समोर चाचा आपलं दुकान सोडून उभे राहिले. भांडीवाला आला. 

दोन्ही हात भरून झाले. पोरगी पाया पडायला वाकणार, पण मोठ्याबाई तिचे हात सोडेनात. दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. सून हळूच म्हणाली, "आई, झालं नं?"

"थांब वं," मोठ्याबाई म्हणाल्या. "मले पाहू दे."